होळीचा चंद्र आणि पुनरुत्थानाचा रविवार

मंडळी, धुळ्यात पवित्र ग्रंथांविषयी बोलायचं आणि विनोबांचं नाव घ्यायचं नाही, असं होत नाही. १९३२ साली इथल्या तुरुंगात त्यांनी गीतेवर अठरा प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली, हे तुम्हां सगळ्यांना ठाऊक आहे. आम्हांला आज बोलायचंय ते त्या प्रवचनांच्या तारखांविषयी. पहिलं प्रवचन २१ फेब्रुवारीचं, शेवटचं १९ जूनचं. अठरा अध्याय, सलग अठरा रविवार. आता त्या वर्षाचं ख्रिस्ती पंचांग शेजारी ठेवा. २१ फेब्रुवारी हा लेंटमधला, म्हणजे उपवासकाळातला, दुसरा रविवार. पाचवा अध्याय २० मार्चला झाला, तो झावळ्यांचा रविवार. सहावा, ध्यानाचा अध्याय २७ मार्चला, तो पुनरुत्थानाचा रविवार. तेरावा १५ मेला, तो पेंटेकॉस्ट.

विनोबांनी हे ठरवून केलं असं कोणी समजू नये. आठवड्याला एक अध्याय घेतला की असे रविवार जुळणारच. पण त्याच आठवड्यात आणखी एक गोष्ट होती. २२ मार्चला, मंगळवारी, फाल्गुनी पौर्णिमा पुरी झाली. म्हणजे होळी, उत्तम शुक्रवार आणि पुनरुत्थानाचा रविवार, सगळं एका आठवड्यात. हा मात्र निव्वळ योगायोग नाही.

आम्हा पाळकांना एक वाक्य नेहमी ऐकावं लागतं, "तुमचे सण तारखेनं येतात, आमचे तिथीनं." नाताळाबद्दल ते खरं आहे, २५ डिसेंबर कधी हलत नाही. पण ख्रिस्ती वर्षाचा कणा नाताळ नाही, पुनरुत्थान आहे. आणि पुनरुत्थानाचा रविवार २२ मार्चपासून २५ एप्रिलपर्यंत कुठेही येऊ शकतो. का? कारण तो चंद्रावर चालतो.

याचं मूळ निर्गमच्या बाराव्या अध्यायात आहे. वल्हांडणाचा कोकरा दहाव्या दिवशी निवडायचा आणि चौदाव्या दिवशी संध्याकाळी मारायचा. महिना चांद्र असल्यामुळे चौदावा दिवस म्हणजे पौर्णिमेचा सुमार. येशूचं मरण वल्हांडणाच्या दिवसांतलं, तेव्हा त्याची आठवणही चंद्राला बांधली गेली. इ.स. ३२५ मध्ये नायसियाच्या परिषदेनं सर्व मंडळ्यांनी हा सण एकाच दिवशी पाळावा असं ठरवलं. पुढे रूढ झालेला नियम असा : २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा, आणि तिच्यानंतरचा रविवार. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान, म्हणून आपले ज्योतिषी अधिक महिना घालतात. यहुदीही घालतात, एकोणीस वर्षांत सात वेळा. रोमच्या गणितींनाही त्याच एकोणीस वर्षांच्या चक्राचा आधार घ्यावा लागला. चंद्र एकच, तेव्हा हिशेब फार वेगळा कसा होणार?

म्हणून आपल्याकडे पुनरुत्थानाआधीची पौर्णिमा बहुधा होळीची तरी असते, नाहीतर हनुमान जयंतीची. २०२३ मध्ये हनुमान जयंती ६ एप्रिलला आणि उत्तम शुक्रवार लगेच ७ एप्रिलला. २०२४ मध्ये मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पुन्हा होळी.

मग खानदेशातल्या ख्रिस्ती माणसाला हे परकं का वाटतं? इथल्या मंडळ्यांचा इतिहास थोडा वेगळा आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पश्चिम खानदेशात स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनची माणसं आली. ती मुक्त मंडळ्यांच्या वळणाची होती. पवित्र शास्त्र, प्रार्थना, पश्चात्ताप यांवर त्यांचा भर. आगमनकाळ, लेंट यांच्या सविस्तर पंचांगाला त्यांच्याकडे फारसं स्थान नव्हतं. आम्हांला त्यात दोष दिसत नाही. पण परिणाम असा झाला, की पंचांग म्हटलं की आपल्या माणसाला एक तर भटजी आठवतो, नाहीतर रोमन कॅथलिक. दोन्ही "आपले नव्हेत." तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरात छापून येते, ती कुठून आली हे कोणी विचारत नाही.

रविवारचीही अशीच गंमत. तो साहेबाचा दिवस मानला जातो. पण नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी रविवारची सुट्टी मागितली, तेव्हा रविवार हा खंडोबाचा वार आहे, असंही सांगितलं. १० जून १८९० ला ती सुट्टी मिळाली. एकाच दिवसाला दोन घरं असू शकतात.

आता आखाजी. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, अहिराणी गाणी म्हणतात. चर्चमधल्या बायकांनी झोक्यावर बसावं की नाही यावर वाद झालेले आम्ही पाहिले आहेत. पुनरुत्थानाचा काळ पन्नास दिवसांचा, आणि गणित मांडलं तर आखाजी जवळपास दरवर्षी त्या पन्नास दिवसांत पडते. २०२४ मध्ये ती १० मेला होती आणि स्वर्गारोहणाचा दिवस ९ मेला. लेवीयच्या तेविसाव्या अध्यायात हे पन्नास दिवस कापणीचे आहेत, पहिल्या पेंढीपासून मोजायचे. त्यावरूनच पौल ख्रिस्ताला प्रथमफळ म्हणतो. ज्यानं दादर कापून खळ्यात आणली आहे त्याला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. युरोपातल्या वसंताची, बर्फ वितळल्याची गाणी मात्र समजावून सांगावी लागतात, कारण आपल्याकडे तेव्हा पळस फुललेला असतो आणि ऊन चाळिशीला टेकलेलं असतं.

चंद्र एक म्हणून अर्थ एक, असं कोणी ऐकू नये. होळीची राख आणि भस्म बुधवारची राख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. होळीत काय घ्यावं, काय सोडावं हा प्रश्न सातपुड्यातल्या मंडळ्यांपुढे आजही खरा आहे, आणि त्याचं उत्तर पंचांगात नाही. पण "हे दिवसच आपले नाहीत" असं म्हणून जे सोडलं जातं, त्यातलं बरंचसं उगाच सोडलं जातं. २०२७ मध्ये पुनरुत्थानाचा रविवार २८ मार्चला आहे. त्याआधीची पौर्णिमा २२ तारखेची, होळीची. घरी गेल्यावर कॅलेंडर उघडून पाहा.