सदस्यत्व आणि संहिता : आय.आय.टी. मुंबई व एडएक्स यांचा संबंध

संशोधन संस्थांनी मुक्त स्रोत संगणकप्रणालींच्या प्रतिष्ठानांचे शैक्षणिक सदस्यत्व स्वीकारणे ही गेल्या काही वर्षांत रूढ झालेली प्रथा आहे. या सदस्यत्वातून संस्थेच्या हाती नेमके काय येते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. त्या दृष्टीने आय.आय.टी. मुंबई आणि एडएक्स यांचा संबंध अभ्यसनीय ठरतो.

हार्वर्ड आणि एम.आय.टी. यांनी मे २०१२ मध्ये प्रत्येकी ३ कोटी डॉलर देण्याचे जाहीर करून एडएक्स ही ना-नफा संस्था स्थापन केली. २१ मे २०१३ रोजी तिच्या संघात १५ नव्या संस्थांचा समावेश जाहीर झाला, त्यांत आय.आय.टी. मुंबई होती. त्यानंतर ११ दिवसांनी, १ जून रोजी, एडएक्सच्या प्रणालीची मूळ संहिता 'ओपन एडएक्स' या नावाने सर्वांसाठी खुली झाली.

या घटना लागोपाठ घडल्या, तरी त्यांचे स्वरूप भिन्न होते. सदस्यत्व हा दोन संस्थांमधील करार होता. संहिता 'ॲफेरो जीपीएल' या परवान्याखाली आली होती : ती कोणीही वापरावी, बदलावी, मात्र बदललेली प्रणाली जाळ्यावरून इतरांना वापरू दिल्यास बदलांची संहिताही त्यांना द्यावी. आय.आय.टी. मुंबईने दोहोंचा लाभ घेतला. डॉ. दीपक फाटक यांचा संगणक-आज्ञावलीचा अभ्यासक्रम २०१४ मध्ये एडएक्सवर आला. दुसरीकडे त्याच खुल्या संहितेवर संस्थेने 'आयआयटीबॉम्बेएक्स' हे स्वतःचे व्यासपीठ उभारले आणि अध्यापक-प्रशिक्षणासाठीही ते वापरले. हे दुसरे काम अधिक दूरदृष्टीचे होते.

कारण जून २०२१ मध्ये एडएक्स 'टूयू' या नफा कमावणाऱ्या कंपनीस ८० कोटी डॉलरना विकण्याचे जाहीर झाले. निर्णय दोन संस्थापक विद्यापीठांचा होता. ज्या ना-नफा संस्थेशी सदस्यांनी नाते जोडले होते, तिचे नाव आणि व्यासपीठ नव्या मालकाकडे गेले. ओपन एडएक्सची देखरेख मात्र विक्रीच्या रकमेवर उभ्या राहिलेल्या, पुढे 'ॲक्झिम कोलॅबरेटिव्ह' नाव घेतलेल्या ना-नफा संस्थेकडे राहिली. टूयूने जुलै २०२४ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. खुल्या संहितेवर चालणारी व्यासपीठे त्यामुळे बंद पडली नाहीत.

कसबा बावड्याजवळ पंचगंगेवर राजाराम बंधारा आहे. 'कोल्हापूर पद्धतीचा बंधारा' महाराष्ट्रभर पसरला, तो कोणत्याही संघाचे सदस्यत्व न घेता. बावड्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयासारख्या संस्थांना जागतिक संघांची निमंत्रणे सहसा येत नाहीत; संहितेचा मार्ग त्यांनाही तितकाच मोकळा आहे. ओपन एडएक्स उतरवून घेण्यास शुल्क नाही. सर्व्हर लागतो, आणि पायथन जाणणारा, रात्री-अपरात्री तो सर्व्हर सांभाळणारा माणूस लागतो. महाविद्यालयांच्या पदांच्या आकृतिबंधात असे पद बहुधा नसते. ते काम प्रयोगशाळा सहायकाच्या गळ्यात पडते.