घरी परतलेले पिंप

अमेरिकेत स्थायिक झालेल्या एका मराठी स्नेह्यांच्या गराजमध्ये एक आडवा फ्रीझर आहे. झाकण आणि पेटी यांच्या मध्ये वीतभर उंचीची लाकडी चौकट बसवलेली, चौकटीच्या दर्शनी बाजूला तीन तोट्या, आणि आत स्टीलच्या तीन उभट टाक्या, वायूचा एक सिलिंडर व पारदर्शक नळ्यांची वेटोळी. स्नेही घरी बिअर तयार करतात आणि या पेटीतून ती पाहुण्यांना देतात. पेटी त्यांनी स्वतःच जोडली आहे. आम्हांला कुतूहल वाटले ते त्या पेयाचे (तेही वाटले, हे प्रांजळपणे नमूद करतो) आणि त्याहून अधिक त्या पेटीचे. कारण तिच्यातला एकही भाग या कामासाठी बनलेला नव्हता. फ्रीझर मांस आणि भाज्या गोठवण्यासाठी होता, टाक्या शीतपेयाच्या सरबतासाठी होत्या, चौकटीचे लाकूड कपाटातून उरलेले होते. अशा परक्या वस्तू एकत्र येऊन घरगुती म्हणवणारी एक वस्तू तयार होते तेव्हा 'घरगुती' या शब्दाचा अर्थ नेमका काय उरतो, हा प्रश्न आमच्या मनात राहिला. त्याचे उत्तर आम्हांला बिअरच्या इतिहासातच शोधावे लागले.

मध्ययुगीन इंग्लंडपासून सुरुवात करू. तिथे 'एल' हे पेय रोजच्या आहाराचा भाग होते आणि ते प्रामुख्याने स्त्रिया घरी करीत. भाषेच्या अभ्यासकांना याची खूण इंग्रजी शब्दांत सापडेल: 'ब्रूस्टर' म्हणजे एल करणारी स्त्री, जशी 'स्पिन्स्टर' म्हणजे सूत कातणारी. पुढे पहिला शब्द आडनाव होऊन राहिला आणि दुसऱ्याला अविवाहितेचा अर्थ चिकटला. दोन्ही शब्दांतले काम मात्र गेले. हॉप्स न घातलेले एल काही दिवसांतच आंबट होई. त्यामुळे ते थोडे करायचे, घरापुरते ठेवायचे आणि उरलेले शेजारी विकायचे, अशी रीत होती. आज एका घरी, तर परवा दुसऱ्या घरी. पेय टिकत नव्हते म्हणूनच ते अनेकींच्या हाती होते.

इ. स. १४००च्या सुमारास नेदरलंड्सकडून हॉप्स घातलेली बिअर इंग्लंडमध्ये येऊ लागली. हॉप्सच्या कडवटपणात संरक्षक गुण असतो. त्यामुळे ही बिअर पुष्कळ दिवस टिके आणि दूरवर नेता येई. पेय टिकू लागताच मोठी भांडी, साठ्याची जागा, उधारी, वाहतूक हे सारे फायद्याचे ठरले, आणि ज्यांच्यापाशी भांडवल व कर्ज मिळवण्याची पत होती त्यांच्याकडे धंदा सरकला. ज्युडिथ बेनेट यांनी १९९६च्या आपल्या ग्रंथात १३०० ते १६०० या तीन शतकांत हा व्यवसाय स्त्रियांच्या हातून कसा निसटला ते दाखवले आहे. त्या पूर्वीच्या स्थितीला स्त्रियांचे सुवर्णयुग मानीत नाहीत, हे आम्हांला महत्त्वाचे वाटते. काम हलके, कमी मिळकतीचे होते तोवर ते बायकांचे होते. मिळकत वाढली तेव्हा ते पुरुषांचे झाले.

टिकवण्याच्या विद्येने बिअर घराबाहेर काढली ती अशी. पुढच्या टप्प्यात थंडी आली. बव्हेरियात १५५३च्या आदेशाने २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बिअर करण्यास मनाई होती, कारण उन्हाळ्यात ती बिघडे. मग थंडीच्या दिवसांत करून ठेवलेली बिअर तळघरांत, तळ्यांवरून कापून आणलेल्या बर्फाच्या सोबतीने उन्हाळा काढी. 'लागर' या नावाचा उगमच जर्मनमधल्या 'साठवणे' या क्रियापदात आहे. १८७०च्या दशकात अभियंता कार्ल फॉन लिंडे याने आपल्या शीतयंत्राचे प्रयोग केले ते म्युनिकच्या श्पाटेन ब्रूअरीत, तिचे चालक गाब्रिएल झेडलमायर यांच्या पाठबळावर. ऋतूचे बंधन सुटले आणि बिअर बाराही महिने होऊ लागली. आज स्वयंपाकघरात दूध आणि कोथिंबीर सांभाळणाऱ्या फ्रीजच्या पूर्वजांपैकी एकाची जडणघडण ब्रूअरीत झाली, ही गोष्ट आमच्या मध्यमवर्गीय घरांत सहसा कुणाला ठाऊक नसते.

वायूची कथाही अशीच आहे. १७६७ साली जोसेफ प्रीस्टली लीड्स येथे धर्मोपदेशक म्हणून आला तेव्हा त्याच्या घराला लागून ब्रूअरी होती. आंबणाऱ्या पिंपावर तरंगणारा, तेव्हा 'बद्ध वायू' म्हणून ओळखला जाणारा कार्बन डायऑक्साइड त्याला तिथे आयता मिळाला. पिंपाच्या तोंडाशी धरून त्याने एका भांड्यातले पाणी दुसऱ्यात पुन्हा पुन्हा ओतले आणि पाण्याला तो चुरचुरीत स्वाद आला. १७७२ साली त्याने ही कृती छापून प्रसिद्ध केली. सोडा वॉटरचा सारा पुढचा पसारा, आपल्याकडच्या गोटी सोड्यासह, या शेजारधर्मातून निघाला. १८०३ साली विल्यम हेन्रीने नियम मांडला की द्रवात विरघळणाऱ्या वायूचे प्रमाण त्यावरील दाबाच्या प्रमाणात असते. गराजमधली पेटी आजही याच नियमावर चालते. तीन-चार अंश सेल्सिअसला, दर चौरस इंचास दहा-बारा पौंडांचा दाब काही दिवस ठेवला की बिअरमध्ये हवा तेवढा वायू मुरतो.

हे सारे विज्ञान हाताशी असताना घरच्या बिअरला अडसर राहिला तो कायद्याचा. १९२० साली अमेरिकेत दारूबंदी लागू झाली. ब्रूअऱ्या शीतपेये करू लागल्या, आणि माल्टचा पाक डब्यांत भरून पाव भाजण्यासाठी म्हणून विकू लागल्या. त्या डब्यांपासून घराघरांत काय होत असे हे विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला सारखेच ठाऊक होते. बाल्टिमोरचे विख्यात टीकाकार एच. एल. मेन्केन यांनीही त्या काळात घरी बिअर केली. १९३३ साली बंदी उठली, घरगुती वाइनला मुभा मिळाली, बिअरला मात्र नाही. लघुलेखकाच्या हातून 'आणि/किंवा बिअर' एवढे शब्द गाळले गेले, अशी कथा छंदिष्टांमध्ये आवडीने सांगितली जाते. आम्ही ती कथा म्हणूनच घेतो. मोठ्या अन्यायाला लहान चुकीचे कारण देणे माणसाला सोयीचे वाटते, आणि धंद्याच्या व करवसुलीच्या हितसंबंधांकडे पाहण्याची गरज त्याने उरत नाही.

१४ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी त्या विधेयकावर स्वाक्षरी केली. सिनेटर ॲलन क्रॅन्स्टन यांच्या दुरुस्तीमुळे घरच्या वापरापुरती बिअर करमुक्त झाली: एक प्रौढ असलेल्या घराला वर्षाला शंभर गॅलन, दोन वा अधिक प्रौढांच्या घराला दोनशे. कायद्याच्या हिशेबात पत्नी म्हणजे आणखी शंभर गॅलन. पाच शतकांपूर्वी हे काम करणारी स्त्री कायद्यात परतली ती अशी, बेरजेतला आकडा होऊन. गराजमधल्या या छंदात आम्हांला पुरुषच अधिक दिसले. परवानगीलाही वेळ लागला: राज्यांनी आपापले निर्बंध उठवायचे होते, आणि मिसिसिपी व अलाबामा यांनी ते १९१३ नव्हे, २०१३ साली उठवले.

इथे आमच्या वाचकांना एक योगायोग आठवेल. कार्टर यांच्या स्वाक्षरीच्या बरोबर शंभर वर्षे आधी, १८७८ साली, मुंबई अबकारी कायदा आला. ताडाची झाडे आणि मोहाची दारू यांवर सरकारचा करडा अंमल बसला, आणि आदिवासी पाड्यांवर घरोघर चालणारे काम गुन्हा ठरले. ती दारू गाळलेली, ही बिअर आंबवलेली. गरिबाचे पेय आणि गराजमधला छंद यांत अंतरही फार मोठे आहे. तरी घरात काय शिजावे आणि काय आंबावे हे ठरवण्याचा हक्क शासनाकडे कसा जातो, याचे उत्तर दोन्हीकडे सारखेच मिळते: मागे महसूल असतो, पुढे नीती असते.

अमेरिकेतल्या छंदिष्टांनी पहिली वर्षे बाटल्यांवर काढली. पाच गॅलनची, म्हणजे सुमारे एकोणीस लिटरची एक घाणी भरायला पन्नासेक बाटल्या धुवाव्या लागत, प्रत्येकीत साखरेचा अंश ठेवावा लागे, आणि तो जास्त झाला तर बाटली फुटे. चार्ली पपॅझियन या शाळामास्तरांनी १९७८ साली बोल्डर येथे छंदिष्टांची संघटना उभारण्यात पुढाकार घेतला, १९८४ साली त्यांचे मार्गदर्शक पुस्तक आले. बाटल्या धुण्याचा जाच मात्र कायम होता. त्यातून सुटका केली ती शीतपेयांच्या धंद्यातल्या एका बदलाने. तोवर उपाहारगृहांना शीतपेयाचे सरबत स्टीलच्या पाच गॅलनी टाक्यांतून जाई. कॉर्नेलियस कंपनीच्या नावावरून त्यांना 'कॉर्नी' म्हणतात. त्यांच्या जोडण्यांचे दोन प्रकार अजून टिकून आहेत, एक पेप्सीच्या घराण्यातला, दुसरा कोकच्या. १९८० आणि १९९०च्या दशकांत सरबत खोक्यातल्या प्लास्टिक पिशव्यांतून जाऊ लागले आणि या टाक्या भंगाराच्या भावाने बाहेर पडल्या. बरोबर एका घाणीच्या मापाच्या, दाब सोसणाऱ्या, झाकण उघडून आत हात घालून घासता येणाऱ्या. प्रीस्टलीने पिंपावरून उचललेला वायू सोड्याच्या घरी दोन शतके राहिला, आणि सोड्याचे भांडे घेऊन परत आला.

फ्रीझरच्या भिंतीत शीतद्रव्याच्या नळ्या दडलेल्या असतात. तिथे भोक पाडताना एखादीला ड्रिल लागले तर यंत्र कायमचे गेले. म्हणून भोके पडतात ती मधल्या लाकडी चौकटीला. फ्रीझरला उणे अठरा अंशांची सवय. म्हणून त्याची वीज एका बाहेरच्या नियंत्रकातून जाते आणि आतले तापमान तीन-चार अंशांवर आले की तो ती तोडतो. थंड हवा तळाशी बसते, तोट्या वर उबदार राहतात आणि पहिला पेला नुसता फेसाचा येतो. म्हणून आत संगणकातला लहानसा पंखा. नळी आखूड ठेवली तर दाब पेल्यातच उसळतो. म्हणून तीनेक मीटरची बारीक नळी वेटोळी करून ठेवायची, म्हणजे घर्षणाने जोर मोडतो. यातले काहीही कारखान्यात शिकवले गेले नाही. एकाचा फ्रीझर वाया गेला, तो दुसऱ्याचा धडा झाला.

सिएरा नेवाडा ही ब्रूअरी १९८० साली कॅलिफोर्नियातील चिको येथे सुरू झाली तीही दुधाच्या जुन्या टाक्या आणि शीतपेयवाल्यांची टाकाऊ यंत्रे जोडून. तिचे एक संस्थापक केन ग्रॉसमन आधी घरगुती बिअरच्या सामानाचे दुकान चालवीत. १९७०च्या दशकाअखेरीस साऱ्या अमेरिकेत शंभराहून कमी ब्रूअऱ्या उरल्या होत्या. २०२१ साली त्या नऊ हजारांवर गेल्या. म्हणजे घरी परतलेली बिअर पुन्हा घराबाहेर पडली, आणि या वेळीही भांडवल शोधतच.

स्नेह्यांनी जुन्या टाक्या घेतल्या तेव्हा त्यांतल्या एकीत पूर्वी रूट बिअर होती. नावात बिअर, प्रत्यक्षात मुलांचे गोड पेय. टाकी सोड्याने घासली, उकळत्या पाण्याने धुतली, तरी पहिल्या घाणीला तोच गोड, औषधी वास आला. वास स्टीलमध्ये नसतो, झाकणाच्या रबरी कड्यांत मुरलेला असतो. कडी बदलल्यावर तो गेला. जुनी कडी त्यांनी टाकून दिलेली नाहीत. आम्ही मागितली तेव्हा खणातून काढून हुंगायला दिली.