रुपयाची माळ आणि गोठण्याची घाई

काठीच्या राजवाडी होळीला सातपुड्यातल्या बाया चांदी लेऊन येतात. एखाद्या गळ्यात अजून राणीछाप रुपयांची माळ दिसते. हा रुपया बरोबर एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅम. शंभरात जवळपास ९२ भाग चांदी, बाकी तांबे. १९४० साली चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ साली रुपया निकेलचा झाला. जुन्या माळेचे मोल त्यामुळेच वाढले. दुष्काळात पहिली मोडीला जाते तीही हीच.

चांदीत तांबे कशाला? शुद्ध चांदी मऊ, लवकर झिजते. तांब्याने तिला कठीणपणा येतो. पण या दोघांचे नाते विचित्र आहे. मुशीत ते एकजीव होतात आणि सावकाश निवताना पुन्हा आपापल्या जातीचे अणू गोळा करू लागतात. (हा रोग फक्त धातूंचा नाही, हे सांगायला नकोच.) ऑक्सफर्डच्या विल्यम ह्यूम-रॉदरी यांच्या नियमांप्रमाणे तर त्यांचे पूर्ण जमायला हवे होते. अणूंच्या आकारात फार फरक नाही, मांडणीही एकाच तऱ्हेची. मग अडते कुठे?

कॅलिफोर्नियात संशोधन करणारे, मूळचे बेल्जियमचे पोल डुवेझ यांना हाच प्रश्न छळत होता. त्यांनी विचार केला, अणूंना पांगायला वेळच दिला नाही तर? वितळलेला इवलासा थेंब वायूच्या धक्क्याने तांब्याच्या थंड पट्टीवर फेकला. सेकंदाला दहा लाख अंशांच्या घरात जाणाऱ्या वेगाने तो निवला. हाती आला एक पातळ पापुद्रा. त्यात चांदी-तांबे वेगळे झालेच नव्हते. हे १९६० साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी सोने आणि सिलिकॉन असेच गोठवले, तर स्फटिकच तयार झाले नाहीत. ती धातूची काच होती!

आपल्याकडे बनारस हिंदू विद्यापीठात टी. आर. अनंतरामन यांनी या विषयाचा पाया घातला. पुढे गरगर फिरणाऱ्या चाकावर लोखंड, बोरॉन, सिलिकॉनचा रस सोडून केसाहून पातळ फीत काढू लागले. तिचा गाभा घातलेल्या रोहित्रात, कोणी दिवा लावो न लावो, चोवीस तास वाया जाणारी वीज पुष्कळ वाचते. वाड्यापाड्यांवर, जिथे रात्रभर चारदोन दिवेच जळतात, तिथे हा हिशेब मोठा आहे.

डुवेझांचा तो पापुद्रा मात्र जपावा लागतो. पुरेसा तापवला, की चांदी आणि तांबे पुन्हा वेगळे होऊ लागतात.