घोड्याचा पाय, कुत्र्याचे पोट आणि एक्स-रे

आज बोलू या जनावरांच्या एक्स-रेबद्दल, पण सुरुवात दिल्लीच्या हिंदुरावपासून. त्या नावाचे रुग्णालय दिल्लीकरांना ठाऊक असते. हे हिंदुराव म्हणजे कागलचे घाटगे, बायजाबाई शिंद्यांचे बंधू, हे मात्र मराठी माणसालाही सांगावे लागते. रिजवरची त्यांची कोठी १८५७ च्या वेढ्यात इंग्रजांचे ठाणे होती. त्या काळी अंगात अडकलेली गोळी सर्जन बोटाने नाहीतर सळईने चाचपत. पाय मोडलेल्या घोड्याला बहुधा गोळीच घालत. आत काय मोडले आहे, ते दिसायचे कसे?

ते दिसू लागले ८ नोव्हेंबर १८९५ नंतर, राँटजेनच्या शोधामुळे. १८९७-९८ च्या तिराह मोहिमेत सर्जन-मेजर बीव्हर यांनी यंत्र थेट सरहद्दीवर नेले. जनावरांचा नंबर त्याआधीच लागला होता. १८९६ मध्येच लंडनला हॉबडे आणि जॉन्सन यांनी घोड्याच्या पायाचा एक्स-रे काढला. बर्लिनला एबरलाइनही त्याच कामाला लागले होते. घोडाच का, हे फौजेतल्या माणसाला विचारायला नको. पाय गेला की घोडा गेला.

खरी अडचण वेगळीच. ‘हलू नको’ म्हटलेले जनावराला कळत नाही, आणि तेव्हा एका चित्राला कित्येक मिनिटे लागत. मग कोणीतरी धरून ठेवायचे. किरणांनी माणसाचे काय होते, ते एडिसनचा सहायक क्लॅरन्स डॅली याच्यावरून जगाला कळले: हात कापावे लागले, आणि १९०४ मध्ये तो गेला. आज चित्र क्षणात निघते. तरीही डॉक्टर कुत्र्याला गुंगीचे इंजेक्शन देतात, वाळूच्या पिशव्यांनी टेकवतात आणि तुम्हाला बाहेर थांबा म्हणतात, तेव्हा वाद घालू नका. शिशाचा एप्रन विखुरलेले किरण अडवतो, थेट झोत नाही.

चित्रे निदान दोन हवीत, एक कुशीवर आणि एक पाठीवर निजवून. कारण एकाच चित्रात पुढचे-मागचे सगळे एकावर एक येते. हाड, नाणे, बहुतेक मूतखडे पांढरे दिसतात. गिळलेला मोजा दिसत नाही. आतड्यात अडकलेल्या हवेवरून डॉक्टर तो ताडतात. पिल्लाच्या हाडाच्या टोकाशी वाढीची काळी रेघ असते, ती मोडल्यासारखीच दिसते. म्हणून कधी कधी धडधाकट पायाचाही एक्स-रे काढतात. तो पैसा वाया गेला असे समजू नका.