लहान मुलांमधील मध्यकर्णदाह

मध्यकर्णदाह म्हणजे कानाच्या पडद्यामागील पोकळीत (मध्यकर्णात) संसर्गामुळे होणारा दाह होय. ६ महिने ते २ वर्षे वयाच्या बालकांमध्ये तो सर्वाधिक आढळतो.

कारणे
मध्यकर्णाला घशाशी जोडणारी युस्टेशियन नलिका बालकांमध्ये आखूड व काहीशी आडवी असते. सर्दीमुळे ती सुजून बंद झाल्यास मध्यकर्णात द्रव साचतो व त्यात जंतुसंसर्ग होतो.

लक्षणे
कानदुखी, ताप व चिडचिड ही प्रमुख लक्षणे होत. पडदा फाटल्यास कान वाहतो. द्रव दीर्घकाळ साचून राहिल्यास ऐकू कमी येते. परिणामी मूल उशिरा बोलू लागण्याची शक्यता असते.

प्रतिबंध
आईच्या दुधातील प्रतिपिंडे संसर्गापासून संरक्षण देतात. म्हणून पहिले ६ महिने केवळ स्तनपान देण्याची शिफारस केली जाते. बाळाला आडवे निजवून बाटलीने दूध पाजणे व त्याच्याजवळ धूम्रपान करणे टाळावे. भारतात २०१७ पासून न्यूमोकॉकल लस सार्वत्रिक लसीकरणात टप्प्याटप्प्याने समाविष्ट करण्यात आली.

उपचार
आहार हा उपचाराला पर्याय नाही. कानात कोमट तेल घालण्याची प्रथा महाराष्ट्रात आढळते. मात्र वाहत्या कानात तेल घालू नये व वैद्यकीय तपासणी करून घ्यावी.