शेजारघर

गावाकडून शहरात येणाऱ्या कुटुंबाला शहर बरेच काही देते. गिरणीत काम देते, भाड्याची खोली देते, मुलांना शाळा देते. परंतु गावात जी गोष्ट कोणी न मागता मिळत असे, ती मात्र शहरात सहसा मिळत नाही. आई शेतावर गेली असता रडणाऱ्या लेकराला कडेवर घेणारी शेजारीण, वयात आलेल्या पोराचे पाऊल वाकडे पडताच त्याला हटकणारा आळीतला वडीलधारा माणूस, संध्याकाळी सर्वांनी जमावे असा पार, या गोष्टींची किंमत त्या नाहीशा झाल्यावरच कळते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जगातील मोठ्या औद्योगिक शहरांना ही उणीव तीव्रतेने जाणवू लागली आणि तिच्यातूनच एका नव्या प्रकारच्या संस्थेचा उदय झाला. इंग्रजीत तिला प्रथम ‘सेटलमेंट’ आणि पुढे ‘नेबरहुड हाऊस’ असे नाव पडले. मराठीत तिला ‘शेजारघर’ म्हणणे उचित होईल. कारण वस्तीच्या मधोमध असलेले सर्वांचे घर, हीच तिची मूळ कल्पना होय.

या कल्पनेचे पहिले मूर्त स्वरूप लंडनमध्ये दिसले. शहराच्या पूर्व भागातील व्हाइटचॅपेल ही तेव्हा दारिद्र्याविषयी कुप्रसिद्ध असलेली वस्ती. तेथील धर्मगुरू सॅम्युअल बार्नेट आणि त्यांच्या पत्नी हेन्रिएटा यांना अनुभवाने एक गोष्ट पटली होती. गरिबांच्या वस्तीत दान पाठविणारे पुष्कळ आहेत. तेथे येऊन राहणारे कोणी नाही. १८८४ साली त्यांनी टॉयन्बी हॉलची स्थापना केली. आदल्याच वर्षी ऐन तिशीत निधन पावलेले अर्थशास्त्राचे अभ्यासक अर्नोल्ड टॉयन्बी यांचे नाव तिला दिले गेले. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज येथील तरुण पदवीधरांनी काही काळ या घरात मुक्काम करावा, दिवसा आपला व्यवसाय करावा आणि उरलेला वेळ शेजाऱ्यांबरोबर घालवावा, अशी योजना होती. त्या तरुणांनी वस्तीला किती शिकविले हे सांगणे कठीण आहे. पण वस्तीने त्यांना जे शिकविले त्याचे फळ साऱ्या इंग्लंडला मिळाले. १९४२ च्या सामाजिक विम्याच्या अहवालाचे कर्ते विल्यम बेव्हरिज आणि १९४५ साली पंतप्रधान झालेले क्लेमेंट ॲटली हे दोघेही तरुणपणी टॉयन्बी हॉलमध्ये काम करून गेले होते.

१८८८ साली एक अमेरिकन तरुणी टॉयन्बी हॉल पाहावयास आली. तिचे नाव जेन ॲडम्स. मायदेशी परतल्यावर तिने आपली मैत्रीण एलन गेट्स स्टार हिच्यासह शिकागोमधील हॅल्स्टेड रस्त्यावरचा एक जुना वाडा घेतला आणि १८८९ च्या सप्टेंबरात त्या दोघी तेथे राहावयास गेल्या. हेच ते ‘हल हाऊस’. भोवती इटालियन, जर्मन, आयरिश, ग्रीक, तसेच रशिया आणि पोलंडमधून आलेले ज्यू अशी नाना देशांची, नाना भाषांची कुटुंबे दाटीवाटीने राहत होती. या दोन सुशिक्षित स्त्रियांनी आरंभ केला तो एका इंग्रजी कादंबरीच्या सामुदायिक वाचनाने. पुढे त्यांनी पोषणशास्त्राच्या नियमांनुसार एक सार्वजनिक स्वयंपाकघरही उघडले. अन्न स्वस्त होते, सकस होते. पण शेजाऱ्यांना ते रुचले नाही. प्रत्येक घराला आपापल्या देशाची चव हवी होती. शास्त्र बरोबर असूनही स्वयंपाकघर अपेक्षेप्रमाणे चालले नाही आणि हल हाऊसला पहिला धडा मिळाला. लोकांना काय हवे असावे हे आपण ठरवून चालत नाही. त्यांना काय हवे आहे हे शेजारी राहूनच कळते.

ते कळावयास फार काळ लागला नाही. त्या वस्तीत जेन ॲडम्सना आरंभी जी तीन अपंग मुले आढळली, त्या तिघांचीही आई कामावर गेलेली असताना त्यांना इजा झाली होती. एक वरच्या मजल्याच्या खिडकीतून पडले होते, दुसरे भाजले होते. तिसऱ्याला दिवसभर स्वयंपाकघरातील टेबलाच्या पायाला बांधून ठेवीत असत आणि तीन वर्षांच्या त्या बंदिवासाने त्याच्या पाठीचा कणा वाकला होता. या माता निर्दय नव्हत्या. मुलाला सोडून गेले तर ते रस्त्यावर जाईल आणि कामावर गेले नाही तर ते उपाशी राहील, अशा दुहेरी पेचात त्या सापडल्या होत्या. आज ज्याला कुटुंबकल्याणाचा कार्यक्रम असे भारदस्त नाव आहे, त्याचा उगम या टेबलाच्या पायापाशी आहे. बालवर्ग तर पहिल्या दिवसांतच सुरू झाला होता. त्याच्या जोडीला पाळणाघर आले, सार्वजनिक स्नानगृह आले, आणि वस्तीतल्या आयांना आपले मूल निर्धास्तपणे ठेवता येईल अशी एक जागा निर्माण झाली.

मुलांच्या संबंधातला दुसरा प्रसंग पहिल्याच नाताळातला आहे. हल हाऊसमध्ये जमलेल्या छोट्या मुलींना मिठाई देऊ केली असता काही मुलींनी ती घेण्याचे नाकारले. चौकशी केल्यावर समजले की, त्या मिठाईच्या कारखान्यात कामाला होत्या. सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत सतत सहा आठवडे राबल्यामुळे त्यांना मिठाई डोळ्यांसमोर नकोशी झाली होती. अशा अनुभवांतून हल हाऊसच्या कार्यकर्त्या कायद्याकडे वळल्या. त्यांच्यापैकी फ्लॉरेन्स केली यांच्या पाहणीचा आणि खटपटीचा परिणाम म्हणून १८९३ साली इलिनॉय राज्यात कारखान्यांचा कायदा झाला आणि चौदा वर्षांखालील मुलांना कारखान्यात ठेवण्यास बंदी आली. मात्र येथे एक कटू सत्य सांगितले पाहिजे. या कायद्याला विरोध करणाऱ्यांत केवळ कारखानदार नव्हते. मुलांच्या मिळकतीवर ज्यांची चूल पेटत होती असे आईबापही होते. शेजारघराला शेजाऱ्यांच्या मनाविरुद्ध शेजाऱ्यांच्या मुलांची बाजू घ्यावी लागली. ही जबाबदारी दूर बसून कायदा सांगणाऱ्याला सोपी वाटेल. रोज त्याच आईबापांच्या दारावरून जाणाऱ्याला ती सोपी नव्हती.

वयात येणाऱ्या मुलामुलींचा प्रश्न आणखी निराळा होता. परदेशातून आलेल्या या कुटुंबांतील मुले शाळेत जाऊन झपाट्याने अमेरिकन होत आणि जुन्या वळणाच्या आईबापांची त्यांना लाज वाटू लागे. अँजेलिना नावाच्या एका इटालियन मुलीची हकीगत जेन ॲडम्स यांनी आपल्या आत्मकथनात नोंदविली आहे. ती आठवड्यातून एकदा हल हाऊसमध्ये पाकक्रियेच्या वर्गास येई आणि त्याच संध्याकाळी तिची आई तेथील श्रमसंग्रहालयात सूत कातावयास येई. पण डोक्याला रुमाल बांधलेल्या, ओबडधोबड जोडे घातलेल्या आईबरोबर आपण दिसू नये म्हणून मुलगी आईला समोरच्या दाराशी सोडून स्वतः बाजूच्या दाराने आत जात असे. एका संध्याकाळी तिने पाहिले की, शिक्षणशास्त्राच्या विद्यालयातून आलेली पाहुणेमंडळी तिच्या आईभोवती जमली आहेत आणि टकळीवरची तिची सफाई कौतुकाने न्याहाळीत आहेत. मुलीने जेन ॲडम्सना विचारले, तेव्हा त्यांनी तिला तिच्या आईचे इटलीतील गाव, तेथील कातणाऱ्या बायका आणि त्या कलेचा वारसा समजावून सांगितला. त्यानंतर घरच्या पेटीत दडविलेली हातविणीची सुंदर वस्त्रे बाहेर काढण्याची आईला मुभा मिळाली आणि मायलेकी एकाच दाराने हल हाऊसमध्ये येऊ लागल्या. १९०० साली उघडलेल्या त्या श्रमसंग्रहालयाचा याहून मोठा गौरव दुसरा कोणता असेल?

तरुणांच्या खेळाकडे आणि करमणुकीकडे पाहण्याची हल हाऊसची दृष्टीही त्या काळात नवीनच म्हणावी लागेल. १९०९ साली प्रसिद्ध झालेल्या, तारुण्य आणि शहरातील रस्ते या विषयावरील आपल्या ग्रंथात जेन ॲडम्स यांनी असे प्रतिपादन केले की, आधुनिक शहर तरुणांच्या श्रमाची व्यवस्था लावते, परंतु त्यांच्या आनंदाची व्यवस्था बाजाराच्या हवाली करून मोकळे होते. आणि मग गुत्ते व नाचघरे भरली म्हणजे तेच शहर तरुणांना दोष देते. म्हणून हल हाऊसमध्ये व्यायामशाळा आली, क्रीडांगण आले, नाट्यगृह आले, संगीतशाळा आली. पुढे जगप्रसिद्ध झालेले क्लॅरिनेटवादक बेनी गुडमन यांनी लहानपणी येथल्याच मुलांच्या वाद्यवृंदात धडे घेतले होते. ज्यांचे पाऊल चुकले त्या मुलांना प्रौढ गुन्हेगारांबरोबर कोंडू नये, या आग्रहातून १८९९ साली शिकागोत बालगुन्हेगारांसाठी स्वतंत्र न्यायालय स्थापन झाले. त्या चळवळीतही हल हाऊसच्या स्त्रिया अग्रभागी होत्या. जेन ॲडम्स यांना १९३१ साली शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा त्या सन्मानामागे या घरातील चार दशकांची तपश्चर्या उभी होती.

मुंबई शहराची कहाणी याहून फार वेगळी नाही. कोकणातून आणि देशावरून आलेला गिरणीकामगार चाळीतल्या एका खोलीत बिऱ्हाड करून किंवा खानावळीत जेवून राहत होता. शेजाराचे काही धागे त्याने स्वतःच जपून आणले होते. गावकीची मंडळे, भजनीमंडळे, तालमी, गणेशोत्सव आणि चाळीची गॅलरी ही त्याची स्वयंभू शेजारघरेच होती. त्यांच्या जोडीला संघटित सेवेची पहिली मोठी संस्था आली ती १९११ साली. भारत सेवक समाजाचे सदस्य नारायण मल्हार जोशी यांनी सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली आणि कामगारवस्तीत रात्रीच्या शाळा, वाचनालये, फिरती ग्रंथालये, दवाखाने, सहकारी पतपेढ्या यांचे जाळे विणावयास आरंभ केला. कामगारांच्या करमणुकीला हक्काची जागा हवी म्हणून परळ येथे दामोदर हॉल उभा राहिला. कामगार रंगभूमीचे अनेक प्रयोग पुढे त्याच रंगमंचावर झाले.

शेजारघर या नावाला सर्वस्वी शोभेल अशी संस्था मात्र नागपाड्यात उभी राहिली. प्लेगच्या साथीनंतर शहर सुधारण्यासाठी १८९८ साली जो ट्रस्ट नेमला गेला, त्याच्या आरंभीच्या योजनांत नागपाड्याचा समावेश होता. तरीही वस्तीची दाटी पुरती हटली नव्हती. मुसलमान, ज्यू, ख्रिस्ती, हिंदू असे सर्व धर्मांचे लोक तेथे राहत आणि कामाठीपुऱ्याचा कुप्रसिद्ध भाग अगदी लगत होता. शिकागोत शिकलेले क्लिफर्ड मॅन्शार्ट १९२५ साली अमेरिकन मराठी मिशनच्या वतीने मुंबईस आले आणि लवकरच ‘नागपाडा नेबरहुड हाऊस’ सुरू झाले. ते मिशनचे कार्य असले तरी त्याचे दार सर्व धर्मांच्या शेजाऱ्यांना सारखेच उघडे होते. वाचनालय, वर्ग, व्याख्याने, मुलांची मंडळे, खेळ यांच्या निमित्ताने एरवी एकमेकांच्या उंबरठ्याला पाय न लावणारी कुटुंबे तेथे एकत्र येऊ लागली.

या घरातून दोन गोष्टी निघाल्या आणि त्या दोन्ही नागपाड्याच्या सीमा ओलांडून देशभर पोहोचल्या. सर दोराबजी टाटा यांच्या नावाच्या विश्वस्तनिधीच्या साहाय्याने १९३६ साली समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण देणारी भारतातील पहिली संस्था मॅन्शार्ट यांच्या संचालकत्वाखाली सुरू झाली, ती या नागपाड्याच्या घरातच. गल्लीतले कुटुंब हेच तिचे पाठ्यपुस्तक होते. १९४४ साली तिला ‘टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस’ हे नाव मिळाले आणि १९५४ साली ती देवनार येथील आपल्या जागेत गेली. दुसरी गोष्ट त्या मानाने किरकोळ वाटेल; ती म्हणजे बास्केटबॉल. अमेरिकेतून आलेला हा खेळ नागपाड्याच्या पोरांनी असा काही आपलासा केला की, एका लहानशा वस्तीतून एकामागून एक राष्ट्रीय दर्जाचे खेळाडू तयार झाले. भारताचे कर्णधारपद भूषविलेले आणि १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळविणारे अब्बास मुन्तसिर हे त्याच मातीतले. ज्या पोराला शहराने केवळ रस्ता दिला होता, त्याला एक मैदान आणि एक संघ मिळाला की काय घडते, याचा तो पुरावा आहे.

काळाच्या ओघात शासनाने यांतील पुष्कळसा भार आपल्या शिरावर घेतला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी भारतात एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडीच्या रूपाने बाल व मातांच्या सेवेचे एक केंद्र गावोगाव पोहोचले. हे इष्टच झाले. कारण कोट्यवधी मुलांचे पोषण काही थोड्या सेवाभावी माणसांच्या इच्छेवर सोडता येत नाही. परंतु निधीवर चालणाऱ्या सेवेची दुसरी बाजूही इतिहासाने दाखविली आहे. हॅल्स्टेड रस्त्यावरील हल हाऊसच्या बहुतेक इमारती १९६० नंतरच्या दशकात विद्यापीठाच्या बांधकामासाठी पाडल्या गेल्या. मूळ वाडा संग्रहालय म्हणून उरला. काम शहरभर विखुरले आणि त्याचा बहुतांश खर्च सरकारी पैशावर चालू लागला. तो ओघ आटला तेव्हा, २०१२ च्या जानेवारीत, सव्वाशे वर्षांच्या उंबरठ्यावर आलेली ती संघटना बंद पडली. पाळणाघरात ठेवलेल्या मुलांच्या आयांना त्या दिवशी पुन्हा तोच जुना प्रश्न पडला असेल: कामावर जावे की मुलापाशी थांबावे?

संस्था बंद पडतात, इमारती पडतात. गरज मात्र पडत नाही. प्रत्येक पिढीत गाव सोडून कोणीतरी शहरात येते आणि एका खोलीच्या दाराला कुलूप लावून कामावर जाते. त्या कुलपाची किल्ली विश्वासाने ज्याच्या हाती द्यावी असा शेजारी त्याला भेटतो की नाही, यावर त्या घरातील मुलाचे बालपण आणि पुढे त्याचे तारुण्य अवलंबून असते. बार्नेट दांपत्य, जेन ॲडम्स, नारायण मल्हार जोशी, मॅन्शार्ट या भिन्न देशांच्या आणि भिन्न श्रद्धांच्या माणसांना एकाच प्रश्नाने अस्वस्थ केले होते. त्या साऱ्यांचे उत्तरही एकच होते: आधी शेजार, मग सेवा.