भाडेपावतीवरचे नाव

लालबागच्या एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर आमच्या गावाची खोली होती. 'होती' म्हणतो, कारण चाळ पुनर्विकासात गेली आणि खोली कोणाची यावरून गावात दोन तट पडले आहेत. त्या खोलीच्या जमाखर्चाच्या तीन वह्या माझ्याकडे आहेत. पहिली 1938 सालची, मोडीतली. ती वाचता यावी म्हणून चाळिशी उलटल्यावर मी मोडी शिकलो. इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही. जे काही शिकलो ते या वह्यांच्या मागे लागून.

कावसजी दावर यांनी 1854 मध्ये मुंबईत पहिल्या कापड गिरणीची उभारणी हाती घेतली. पुढच्या काळात गिरण्यांना माणसे पुरवणाऱ्या जिल्ह्यांत रत्नागिरी अग्रभागी राहिला. कोकणी माणूस हौसेने मुंबईला आला असे कोणी समजू नये. डोंगरउतारावरची तुकड्यातुकड्यांची जमीन, त्यावर खोताचा हक्क, आणि भात जेमतेम काही महिने पुरणार. खोती कायद्याने गेली ती 1949 साली. तोवर खोताचे देणे भागवायला रोकड लागे आणि रोकड मुंबईत होती. बाई गावी शेत राखी, पुरुष गिरणीत जाई. कुटुंब आणण्याइतका पगारही नव्हता आणि जागाही नव्हती. म्हणून खोली.

आमची खोली बारा बाय दहा फुटांची. पहिल्या वहीत तेवीस नावे आहेत. एवढी माणसे मावत कशी, याचे उत्तर पाळीत आहे. दिवसपाळीवाला उठला की त्याच्या जागेवर रातपाळीवाला आडवा होई. उरलेले गॅलरीत, जिन्यात, फुटपाथवर. खोलीत माणसापेक्षा त्याची ट्रंक महत्त्वाची. ट्रंक ठेवायला जागा मिळाली की माणूस खोलीचा झाला. भाडे डोईवार वाटले जाई. त्याखेरीज वर्गणी, भजनाच्या टाळ-मृदंगाचा खर्च, मयताचा खर्च, नव्याने आलेल्या पोराला काम लागेपर्यंतचे जेवण. बेकारीचा विमा, वसतिगृह आणि पतपेढी, सगळे त्या एका वहीत.

जेवण खानावळीत. खानावळवाली बाई बहुधा विधवा किंवा नवऱ्याची नोकरी सुटलेली. ती महिनाभर उधारीवर जेवू घाली, पगाराला पैसे घेई, आणि मधल्या दिवसांसाठी स्वतः सावकाराकडून जबर व्याजाने कर्ज काढी. गिरणगावाच्या इतिहासात संपाच्या काळातली तिची उधारी मोजायला हवी, ती कोणी मोजत नाही. अशा बायकांना बँकेचे कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले ते 1975 मध्ये. आमच्या वह्यांत बाईचे नाव फक्त एका जागी येते: 'देणे' या रकान्यात.

गोव्याच्या ख्रिस्ती लोकांनी मुंबईत हेच काम 'कूड' काढून केले. धोबीतलावच्या जेर महालमध्ये अशा गावोगावच्या कुडी होत्या. तिथेही भिंतीलगत पेट्या, संध्याकाळी एकत्र रोझरी, गावाच्या संताचे फेस्त. तिथला सभासद पुष्कळदा तारवटी, म्हणजे बोटीवरचा खलाशी. एक बोट सुटली आणि दुसरी मिळाली नाही तोवर कुडीत राहायचे. आमच्याकडे गणपती आणि शिमगा, त्यांच्याकडे फेस्त, एवढाच फरक वरवर दिसतो. पण माझ्या मते खरा फरक वेगळा आहे. कूड स्वतःला क्लब म्हणवीत असे आणि तिचे नियम लिहिलेले असत. आमची खोली विश्वासावर चालली, आणि विश्वास ही वारसाहक्काने मिळणारी वस्तू नाही.

'गावाची खोली' या शब्दांतही एक लबाडी आहे. तेवीस नावांत महारवाड्यातले एकही नाही. त्यांची खोली वेगळी, वर्गणी वेगळी, मंडळही वेगळे. गिरणीतही तसेच होते. मागावर काम करताना धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विणखात्यात, म्हणजे जिथे पगार चांगला त्या खात्यात, अस्पृश्यांना शिरू देत नसत. मात्र दुसऱ्या वहीत, 1954 साली गावच्या शाळेच्या इमारतीसाठी जमलेल्या पैशांत, त्यांच्या मंडळाकडून आलेली रक्कम जमा आहे. शाळेला त्यांचे पैसे चालले.

आता भाडेपावतीबद्दल. मंडळ नोंदलेले नव्हते. घरमालक पावती माणसाच्या नावाने देई. माझे चुलत आजोबा गिरणीत जॉबर होते, मालकाच्या ओळखीचे. पावती त्यांच्या नावाने झाली. गावाच्या दृष्टीने ते खोलीचे राखणदार. पण 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडेकरूला आणि त्याच्यासोबत राहणाऱ्या घरच्या माणसांना संरक्षण दिले. कायद्याला गाव दिसत नाही, पावतीवरचे नाव दिसते. गरिबाला बेघर होण्यापासून वाचवणाऱ्या त्याच कायद्याने सामाईक खोली एका घराची केली. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, गडी ट्रंका घेऊन गावी परतले, खोली रिकामी पडली आणि आजोबांचे नातू तिथे राहायला गेले. त्यांनी ती बळकावली असे मी म्हणणार नाही. कोणीतरी राहायला हवेच होते, नाहीतर मालकाने कुलूप लावले असते.

आता त्या बारा बाय दहाच्या जागी टॉवरमधला फ्लॅट मिळणार आहे. मंडळ म्हणते, भाडे गावाने भरले. चुलतभाऊ म्हणतात, पावती पाहा. भाडे कोणी भरले ते माझ्या वह्यांत महिन्यावार लिहिलेले आहे. अभ्यासाचे कागद असे एकाएकी पुराव्याचे होतील, याची मला कल्पना नव्हती. मी तिन्ही वह्यांची झेरॉक्स मंडळाला दिली. दुसरा संच चुलतभावांना देऊ केला, तो त्यांनी घेतला नाही. गेल्या गणपतीत त्यांच्या घरी आरतीला मला बोलावणे नव्हते.

मंडळाने सभासदांची नवी यादी केली आहे. ती तेवीस नावांच्या वारसांची आहे. दिवाळीच्या आधी बौद्धवाडीतले एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे आले. खोलीबद्दल ते काही बोलले नाहीत. शाळेच्या हिशेबाचे ते 1954 चे पान त्यांना हवे होते. मी वही काढली, आम्ही दोघे कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो. मोडी त्यांना येत नव्हती, म्हणून रकमेखाली मी बाळबोधीत लिहून दिले. त्यांनी विचारले, "यावर तुमची सही कराल का?" मी केली.